मुलाची इच्छा आणि एचआयव्ही : रायगडच्या किनाऱ्यावरून एक प्रस्तावना

भारतात एचआयव्ही किती पसरला आहे, याचा अंदाज बरीच वर्षं गरोदर बायकांच्या रक्तावरून बांधला गेला. १९९८ पासून देशभरातल्या ठरावीक दवाखान्यांत गरोदरपणाच्या तपासणीला आलेल्या स्त्रियांचं रक्त गुप्तरोगाच्या चाचणीसाठी घेतलं जाई. त्यातलं उरलेलं रक्त नावगाव काढून एचआयव्हीसाठी तपासत. नमुना कुणाचा हे प्रयोगशाळेलाच ठाऊक नसल्यामुळे निकाल त्या बाईला कधी कळत नसे. पुढे घरोघरच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे हाती आले आणि २००७ मध्ये देशातल्या बाधितांचा अंदाज पन्नास लाखांवरून पंचवीस लाखांच्या आसपास आला, तेव्हा या नमुन्यांवर पुष्कळ वाद झाला. तो वाद संख्याशास्त्राचा होता. त्या प्रत्येक नमुन्यामागे एक गर्भारपण होतं, आणि ते कुणाला हवं होतं की नको होतं, याला तक्त्यात जागा नव्हती. तुम्ही ज्या विषयात येता आहात, तो या न मांडलेल्या रकान्याचा आहे. परिचारिका, समाजकार्याचे विद्यार्थी, समुपदेशक किंवा नुसते जिज्ञासू वाचक, कुणीही असा. इथे यायला वैद्यकाची पदवी लागत नाही.

आधी आलेल्यांनी काय करून ठेवलं आहे, ते पाहून घेऊ. वैद्यकाने प्रश्न सरळ मांडला: विषाणू आईकडून बाळाकडे जातो, तो वाटेत अडवायचा. काहीच उपाय केला नाही, तर पोटात, बाळंतपणात आणि अंगावर पाजताना मिळून शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होते. १९९४ मध्ये अमेरिका आणि फ्रान्समधल्या चाचणीने दाखवलं की झिडोव्हुडिन हे औषध दिल्यास हे प्रमाण २५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर येतं. १९९९ मध्ये युगांडातून बातमी आली की कळा सुरू झाल्यावर आईला नेविरापिनची एक गोळी आणि जन्मलेल्या बाळाला औषधाचे थेंब, एवढ्यानेही बराच फरक पडतो. गरीब देशांनाही परवडेल असा हा उपाय. भारताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यावरच उभा राहिला. पुण्याचं बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आणि ससून रुग्णालय ज्या बहुदेशीय चाचणीत होतं, तिचे निष्कर्ष २००८ मध्ये आले: बाळाला सहा आठवडे औषध दिलं, तर तोवर दुधातून होणारी लागण जवळपास निम्म्यावर येते. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत एआरटी, म्हणजे विषाणूला रोखणाऱ्या औषधांचा उपचार, सुरू झाली होती, मुंबईचं जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी एक. जानेवारी २०१४ पासून प्रत्येक बाधित गरोदर स्त्रीला, रक्तातल्या सीडी-फोर पेशींचा आकडा काहीही असो, आयुष्यभराची औषधं देण्याचं धोरण देशभर लागू झालं. आज गोळ्या वेळेवर सुरू झाल्या आणि चुकल्या नाहीत, तर बाळाला लागण होण्याची शक्यता अगदी थोडी उरते.

हे यश लहान नाही. त्याला ‘वैद्यकीय दृष्टी’ म्हणून नाक मुरडणाऱ्या समाजशास्त्रज्ञांशी माझं जमत नाही. तरी एक गोष्ट खरी आहे. या सगळ्या इतिहासात बाई येते ती दिवस गेल्यावर. त्याआधी नवराबायकोत काय बोलणं झालं, कुणी हट्ट धरला, कुणी गप्प राहिलं, पहिलं मूल गेल्यावर दुसऱ्याचा विचार कसा आला, यातलं काही तिथे नाही. पुरुष तर जवळजवळ नाहीच. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत उपचार घेणाऱ्या बाधितांपैकी २८-२९ टक्क्यांनी पुढे मूल हवं असं सांगितलं. त्यात पुरुषांचं प्रमाण स्त्रियांइतकंच होतं, आणि ते वाचून अनेक डॉक्टरांना आश्चर्य वाटलं. मला आश्चर्य वाटतं ते त्यांच्या आश्चर्याचं.

मराठी वाचकाला यात एक जुना धागा सापडेल. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. मूल होणं हे माणसाच्या हातात असावं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यातला ‘नको म्हणण्याचा’ अर्धा भाग आपण उचलला आणि सरकारने तर तो डोक्यावरच घेतला. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्याच विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं; राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायद्यात उतरलं नाही. कुणाला मूल व्हावं आणि कुणाला नाही हे टेबलापलीकडच्या माणसाने ठरवायचं, ही सवय मात्र दवाखान्यांत राहिली. पॉझिटिव्ह बाईला ‘आता पुरे, ऑपरेशन करून टाक’ असं सांगणारे लोक दुष्ट नसतात. त्यांना तसंच शिकवलेलं असतं.

न्यायालयही या सवयीतून सुटलं नाही. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात बाधित व्यक्तीचा लग्नाचा हक्क आजार बरा होईपर्यंत स्थगित असल्यासारखी भाषा वापरली. २००२ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने ती टिप्पणी अनावश्यक होती असं स्पष्ट केलं. मधली चार वर्षं ज्यांची लग्नं ठरायची होती, त्यांचं काय झालं, यावर कुणीतरी लिहायला हवं. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ मध्ये अमलात आला. बाधित गरोदर स्त्रीची नसबंदी किंवा गर्भपात तिच्या जाणत्या संमतीशिवाय करता येणार नाही, असं त्यात लिहिलं आहे. असं कलम कायद्यात लिहावं लागलं, यावरून आधी काय चालत होतं ते समजावं.

आता किनाऱ्याकडे. कुलाबा जिल्ह्याचं नाव १९८१ मध्ये रायगड झालं, पण घराची रीत बदलली नाही: कर्ता पुरुष मुंबईत किंवा समुद्रावर, बाई घरी. १९८९ मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झालं आणि उरण-पनवेलच्या रस्त्यांवर देशभरचे ट्रक उभे राहू लागले. रोग याच वाटेने आला असं म्हणणं सोपं आहे, आणि बरंचसं खरंही. पण इच्छेच्या अभ्यासकाला या ये-जा करणाऱ्या घरांमधून वेगळंच काही दिसतं. महिन्यातून चार दिवस घरी येणारा नवरा आणि दोन वर्षं ‘काही बातमी नाही’ म्हणून शेजारणींनी टोचलेली बायको, यांच्यात मुलाचा विषय त्या चार दिवसांतच निघतो. दोघांपैकी एकाच्याच गोळ्या चालू असतील आणि दुसऱ्याला ते माहीतच नसेल, तर तो विषय कसा निघत असेल, याची कल्पना करून पाहा.

इथेच या क्षेत्रातली सर्वांत अवघड गाठ आहे. परदेशी लेखनात पुष्कळदा मुलाची इच्छा आणि आजार लपवणं हे दोन वेगळे विषय असतात, त्यांची प्रकरणंही वेगळी. मुरूड-श्रीवर्धनच्या एखाद्या वाडीत ते वेगळे करता येत नाहीत. लग्नाला तीन वर्षं होऊन पाळणा हलला नाही, तर लोक विचारतात. आणि एकदा विचारायला लागले की खोदून विचारतात. मूल झालं की चौकशी थांबते. म्हणजे मूल हे गुपिताचं पांघरूणही होतं. एवढं लक्षात आलं की नवखा अभ्यासक उत्साहाने लिहून टाकतो की बाधितांची मुलाची इच्छा म्हणजे सामाजिक दबाव. कृपा करून असं लिहू नका. दबाव सगळ्यांवरच असतो, तुमच्या-माझ्या आईबापांवरही होता. आपण त्यांच्या इच्छेला दबाव म्हणत नाही. मूल आवडतं म्हणून, घर ओकंबोकं वाटतं म्हणून, आपण बरे आहोत याची स्वतःला खात्री पटावी म्हणून, आपल्यामागे कुणीतरी असावं म्हणूनही मूल हवं असतं. एकाच बाईच्या तोंडून एकाच दुपारी ही सगळी कारणं येतात.

औषधाचं वेळापत्रक आणि बाळंतपणाच्या चालीरीती कशा एकमेकांवर येतात, ते मला या विषयातलं सर्वांत रसाळ प्रकरण वाटतं. पहिलं बाळंतपण माहेरी. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात नाव असलेली मुलगी सातव्या महिन्यात महाडला किंवा थेट घाटावर जाते. गोळ्यांचा डबा माहेरी कुठे ठेवायचा? आईला माहीत आहे, पण भावजयीला? बाळ झालं की त्याला रोज नेविरापिनचं सिरप द्यायचं. ते एक वेळ ‘टॉनिक’ म्हणून खपतं. दुधाचं तसं नाही. पहिले सहा महिने एक तर फक्त अंगावरचं दूध, नाहीतर फक्त वरचं. दोन्ही मिसळणं सर्वांत धोक्याचं, हे १९९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या अभ्यासातून पुढे आलं. आता आपल्या घरातली आजी आठवा. बाळाला मध चाटवणार, सहाणेवर हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग उगाळून गुटी देणार, आणि ‘दूध पुरत नाही वाटतं’ म्हणून संध्याकाळी वाटीभर गाईचं दूध पाजणार. या मायेपुढे ‘डॉक्टरांनी नको सांगितलंय’ एवढं एकच वाक्य सुनेच्या हाती असतं. उलट सून अंगावर पाजतच नसेल, तर का नाही, हे गावभर होतं.

पुढे सहाव्या आठवड्यात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेतात. सव्वा महिन्याचं सोयर संपून बाळंतीण घराबाहेर पडू लागते, त्याच सुमाराला ही तारीख येते. काही घरांत ती देवदर्शनाच्या नावाखाली साधली जाते, काही घरांत चुकते. आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात, म्हणून पक्का निकाल अठराव्या महिन्यात. तोवर बारसं, उष्टावण, जावळ, पहिला वाढदिवस सगळं उरकलेलं असतं. प्रत्येक समारंभात हसणाऱ्या आईच्या मनात एक चाचणी बाकी असते. आई होण्याच्या इच्छेचा अभ्यास गर्भधारणेपाशी थांबवू नये, तो किमान या अठरा महिन्यांपर्यंत न्यावा, असं मी विद्यार्थ्यांना सांगतो.

किनाऱ्याच्या भूगोलाकडेही लक्ष द्या. गेटवे ते मांडवा लाँच पावसात बंद असतात. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून जवळचं केंद्र सोडून मुंबईला नाव घातलेल्यांना तेव्हा दुसरी वाट शोधावी लागते. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जाणारी कातकरी कुटुंबं पावसाच्या तोंडावर परततात. त्या सहासात महिन्यांत गरोदर बाईची नोंद एका तालुक्यात आणि पोट दुसऱ्या तालुक्यात असतं.

पुरुषांविषयी थोडं. नवरा बाधित आणि बायको नाही, अशा जोडप्याला पूर्वी एकच सुरक्षित वाट होती: वीर्य धुऊन गर्भधारणा, जी १९९२ मध्ये मिलानच्या सेम्प्रिनींनी मांडली. इथल्या मच्छीमाराला ती परवडणारी नव्हती. २००८ मध्ये काही स्विस डॉक्टरांनी जाहीर केलं की रक्तात विषाणू सापडत नसेल, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. मूल हवं असलेली जोडपी त्यांच्या डोळ्यांसमोर होती. नऊ देशांतल्या १७६३ जोडप्यांवरच्या चाचणीने २०११ मध्ये लवकर उपचारांमुळे लागण ९६ टक्क्यांनी घटते असं दाखवलं. तिचं एक केंद्र पुण्याची ‘नारी’ ही एड्स संशोधन संस्था होती. म्हणजे जे ज्ञान जगाने इथूनही नेलं, ते रोह्याच्या माणसाला बायकोजवळ निर्धास्त जायला उपयोगी पडतं का, हा आपला प्रश्न. त्यासाठी व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या मोजणीचा, कागद त्याच्या हातात पडावा लागतो आणि त्याचा अर्थ कुणीतरी बसून सांगावा लागतो.

इच्छा गृहीत धरून औषध नाकारल्याचं एक उदाहरण माहीत असू द्या. २०१८ मध्ये बोट्स्वानातून डोल्युटेग्रॅविर आणि बाळाच्या मज्जारज्जूतल्या व्यंगांविषयी शंका आली. झालं, मूल होण्याच्या वयातल्या बायकांना हे चांगलं औषध द्यायला अनेक देश कचरू लागले, मूल हवं की नको हे न विचारताच. त्याच वर्षी किगालीत आफ्रिकी बाधित स्त्रियांनी एकत्र येऊन ठणकावलं की माहिती द्या, निवड आम्ही करू. पुढच्या वर्षी धोका वाटला त्याहून फारच कमी असल्याचं दिसलं आणि जागतिक आरोग्य संघटनेने सल्ला बदलला.

मराठीत या प्रश्नाला मायेने हात घालणारी माणसं आहेत. पुण्याच्या ‘प्रयास’च्या आरोग्य गटात एचआयव्हीवर काम करणाऱ्या संजीवनी कुलकर्णी यांनीच १९८७ मध्ये ‘पालकनीती’ मासिक सुरू केलं. मूल वाढवणं आणि एचआयव्ही हे दोन विषय एकाच व्यक्तीच्या कामात यावेत, याला मी योगायोग मानत नाही.

यापुढचं काम एका नव्या पिढीचं आहे. नेविरापिनच्या एका गोळीच्या काळात किंवा त्याही आधी जन्मलेली, जन्मतःच बाधित असलेली मुलं आज वीस-पंचविशीत आहेत. बाधितांचे वधू-वर मेळावे महाराष्ट्रात भरतात, आणि तिथे ही मुलं आता उमेदवार म्हणून येतात. यांनी आईबापांना जाताना पाहिलं, आजीआजोबांकडे किंवा बालगृहात वाढली, शाळेच्या दप्तरात गोळ्या लपवल्या. मुलाविषयी त्यांना काय वाटतं, हे आधीच्या पिढीच्या प्रश्नावलीने कळणार नाही. त्यांच्याबरोबर बसून नवे प्रश्न काढावे लागतील.

काम सुरू करताना एवढं पाळा. घरी जाऊ नका. रुग्णालयाचं नाव छापलेली फाइल घेऊन तर मुळीच नाही. भेटीची जागा त्यांना ठरवू द्या. नवराबायकोशी आधी वेगवेगळं बोला आणि एकाने सांगितलेलं दुसऱ्यापाशी चुकूनही काढू नका. पुरुष भेटायला हवे असतील, तर जून-जुलैत या. मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात आणि जाळी विणत बसलेल्या माणसाला बोलायला सवड असते. मात्र शेजारी दुसरा कुणी जाळं विणत नाही ना, ते आधी पाहून घ्या.