कासरा ते पॅडल : गिअरची एक घरगुती बखर

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. लातूरला नात्यातल्या एका मुलीचा साखरपुडा होता. पुण्याहून पुतण्या आदल्या रात्री नांदेडला येऊन मुक्कामाला राहिला होता. सकाळी निघालो. त्याची गाडी लाल रंगाची, ऑक्टेव्हिया आरएस, २३० अश्वशक्तीची. दिसायला चारचौघींसारखी, पण आवाजात गुरगुर. लोहा मागे पडल्यावर चहाला थांबलो, तेव्हा त्याने किल्ली माझ्यापुढे धरली.

"काका, चालवता का? हिला क्लचच नाही."

हे वाक्य त्याने सहज म्हटले असेल. मला ते सहज वाटले नाही. माझ्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून मी गाडी चालवणे सोडले होते. जुनी मारुती ८०० विकून टाकली होती. लायसन्स अजून चालू आहे, पण पाकिटात नुसते पडून. आणि डावा गुडघा हा आमच्या घरात एक इतिहासच आहे. तो पुढे सांगतो.

आधी गाडीचे सांगतो. बसलो, पट्टा लावला. डावा पाय सवयीने क्लच शोधू लागला. तिथे नुसती पाय टेकायची जागा. स्टिअरिंगच्या मागे दोन्ही बाजूंना बोटाने ओढायच्या दोन चपट्या पट्ट्या. यांना पॅडल म्हणतात. उजवीकडची ओढली की वरचा गिअर, डावीकडची ओढली की खालचा. नाही ओढली तरी बिघडत नाही, गाडी आपले आपण गिअर बदलत राहते. चालता चालता एकदा ओढली तर ती तुमचे ऐकते, आणि नंतर तुम्ही गप्प राहिलात की थोड्या वेळाने कारभार पुन्हा आपल्या हातात घेते. गिअरचा दांडा 'एस'वर किंवा हाताच्या खाचेत टाकला, तर मात्र तुमचा शब्द जास्त वेळ पाळते.

पुतण्या म्हणाला, "म्हणजे फॉर्म्युला वनच्या गाडीसारखं." मला मात्र कासरा आठवला.

ज्यांनी बैलगाडी हाकली आहे त्यांना हे लगेच कळेल. रात्री बाजारहून परतताना गाडीवान झोपी जायचा, बैल आपल्या पायांनी घरच्या वाटेला लागायचे. चढ आला, वळण आले की त्यांचे ते पाहून घ्यायचे. पण उतारावर गाडीवान जागा व्हायचा आणि कासरा ताणून धरायचा. बैलांना वाट कळत नव्हती म्हणून नव्हे. मागून जे ओझे लोटते, त्याचा अंदाज माणसाला आधी येतो म्हणून.

आता थोडा इतिहास. पस्तीस वर्षे तोच विषय शिकवला, त्यामुळे खोड जात नाही.

मोटारीला गिअर का लागतो? इंजिनाची ताकद ठरावीक फेऱ्यांमध्येच नीट मिळते, आणि रस्ता कधी सपाट तर कधी चढाचा. १८८८च्या ऑगस्टमध्ये जर्मनीत बर्था बेंझ ही बाई नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन, त्याने बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. अंतर शंभर किलोमीटरच्या थोडे वर, म्हणजे आपल्या नांदेड-लातूरहून काहीसे कमीच. वाटेत चढ आले की मुलांना उतरून गाडी ढकलावी लागे. परत आल्यावर तिने नवऱ्याला सांगितले म्हणतात, की चढासाठी आणखी एक गिअर पाहिजे. मोटारीच्या इतिहासात गिअरचे महत्त्व पहिल्यांदा ओळखले ते माहेरच्या वाटेवरच्या एका बाईने. मला ही गोष्ट फार आवडते.

पुढे १८९०च्या दशकात फ्रान्समध्ये पानार्द-लेव्हासोरच्या गाड्यांत दातेरी चाके सरकवून एकमेकांत अडकवायची पद्धत रुळली. काम चाले, पण फिरती चाके एकमेकांवर आदळत. चालकाने वेग जुळवून घेतला नाही, तर डब्यातून खरखराट. १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅकने हे वेग आपोआप जुळवणारी सिंक्रोमेश रचना आणली. १९३०मध्ये इंग्लंडच्या डेमलरने विल्सन नावाच्या इंजिनिअरचा गिअरबॉक्स बसवला. त्यात पुढचा गिअर स्टिअरिंगजवळच्या छोट्या दांड्याने आधीच निवडून ठेवायचा आणि वेळ आली की पायाने पट्टी दाबायची. आजच्या पॅडलचा हा चुलत आजोबाच. मग १९३९ साली ओल्डस्मोबाइलने हायड्रामॅटिक जाहीर केला. मोठ्या संख्येने बनलेला हा पहिला पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकन रणगाड्यांतही गेला.

ही सगळी सोय जगात होती. ती आमच्या घरापर्यंत आली नव्हती.

माझे वडील एसटीचे ड्रायव्हर होते. नोकरीला लागले तेव्हा ती एसटी नव्हतीच. आपला मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी मोटार वाहतूक सुरू केली होती, तिचाच तो वारसा. इकडे मुंबई राज्याची पहिली एसटी १ जून १९४८ला पुण्याहून अहमदनगरला धावली, तेव्हा आम्ही अजून निजामाच्याच राज्यात होतो. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला, आणि वडिलांच्या टोपीवरचा बिल्ला बदलला. गिअरबॉक्स बदलला नाही.

त्या गाड्यांना 'डबल क्लच' मारावा लागे. खालचा गिअर घ्यायचा तर क्लच दाबायचा, गाडी न्यूट्रल करायची, क्लच सोडायचा, अॅक्सिलरेटरला अंदाजाने टोला द्यायचा, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग दांडा ओढायचा. हे सगळे दोन श्वासांत, डोळे रस्त्यावर ठेवून. टोला कमी पडला तरी खरखराट, जास्त झाला तरी खरखराट. मग मागून पन्नास प्रवाशांपैकी कोणीतरी म्हणणार, "ड्रायव्हर नवा दिसतोय." वडिलांच्या गाडीत असा आवाज मी कधी ऐकला नाही. इंजिनाचा सूर ऐकून ते गिअर टाकत. आणि तो क्लच असा जड, की दिवसातून शेकडो वेळा दाबून दाबून चाळिशीतच त्यांचा डावा गुडघा गेला. रात्री आई करडईचे तेल कोमट करून चोळायची. त्या तेलाचा वास हा माझ्या लहानपणाचा वास.

त्यांनी मला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. एकदा उभ्या गाडीत मी जाऊन बसलो, तर खाली ओढून म्हणाले, "काय करूलालास रे? पुस्तक धर हातात." मी पुस्तक धरले. बी. ए. झालो, मास्तर झालो. आणि एक कबुली द्यायची आहे. सोयरिकीच्या वेळी कोणी विचारले की, "वडील काय करतात?" मी म्हणायचो, "सरकारी नोकरीत." पुढे ड्रायव्हर हा शब्द तोंडातून यायचा नाही. शाळेत मी पोरांना बाजीरावाच्या घोडदौडी शिकवल्या, पानिपतावर रसद कशी तुटली ते शिकवले. पण मराठवाड्याची पोरे कॉलेजपर्यंत कोणी पोचवली, नवरात्रात तुळजापूरच्या घाटात भाविकांच्या गाड्या कोणी चढवल्या-उतरवल्या, हे एकदाही सांगितले नाही. आमच्या पुस्तकात ते नव्हते. पण मास्तर पुस्तकाबाहेर बोलू शकतो की!

१९९६ साली मी सेकंडहँड मारुती घेतली. डिसेंबर १९८३मध्ये ही गाडी आली आणि अँबॅसिडर-फिएटच्या 'हँड गिअर'ची सवय असलेल्या लोकांचा हात खाली मजल्यावरच्या दांड्याकडे गेला. वडील तेव्हा सत्तरीचे. दार उघडून त्यांनी वाकून हातानेच क्लच दाबून पाहिला आणि हसले. "ह्याला क्लच मनतेत का?" दुसऱ्या वर्षी ते गेले.

असो. पुन्हा पॅडलकडे येऊ.

पॅडल जन्मले शर्यतीत. फेरारीचा इंग्रज आरेखक जॉन बर्नार्ड याला गाडी अरुंद करायची होती. गिअरचा दांडा आणि त्याच्या सळ्या त्याला अडचणीच्या वाटत होत्या. म्हणून त्याने स्टिअरिंगमागे पट्ट्या बसवल्या आणि बाकीचे काम विजेवर व तेलाच्या दाबावर सोपवले. २६ मार्च १९८९ला ब्राझीलच्या शर्यतीत नायजेल मॅन्सेलने हीच गाडी चालवली. ती शेवटपर्यंत टिकेल याची खात्री फारशी कोणाला नव्हती. ती पहिली आली. त्या हंगामात पुढे ती बऱ्याचदा बंद पडली, हेही सांगायला हवे, पण रस्ता सापडला होता. १९९७ साली फेरारीने ही पॅडल रस्त्यावरच्या एफ३५५ मोटारीत दिली.

पुतण्याच्या गाडीतला डबा मात्र वेगळ्या कुळातला. त्यात दोन क्लच असतात. एकाकडे पहिला, तिसरा, पाचवा गिअर, दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा. तिसऱ्यावर चालताना चौथा आधीच तयार उभा असतो. एक क्लच सुटतो तोच दुसरा धरतो, डोळ्याचे पाते लवायच्या आत. ही कल्पना एकेकाळी रशियाच्या झारच्या मोटारखान्यात काम केलेल्या केग्रेस नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १९३०च्या दशकाच्या अखेरीस मांडली होती. रोजच्या वापराच्या मोटारीत ती आली २००३ साली, फोक्सवॅगनच्या गोल्फमध्ये. म्हणजे वडिलांचा 'डबल क्लच' खरोखरच डबल क्लच झाला! फक्त दाबणारा पाय त्यात राहिला नाही.

मोडचे तसेच. इको, नॉर्मल, स्पोर्ट अशी नावे पडद्यावर येतात. मोड बदलला म्हणून इंजिनाचे घोडे वाढत नाहीत. अॅक्सिलरेटरला किती चटकन प्रतिसाद द्यायचा, गिअर किती उशिरा बदलायचा, स्टिअरिंग किती जड ठेवायचे, एवढेच बदलते. आमच्या वाटेवरच माळेगाव लागते, खंडोबाची यात्रा आणि घोड्यांचा बाजार यांसाठी प्रसिद्ध. तिथला घोडेवाला एकच घोडे गिऱ्हाइकाला कधी कदमावर, कधी दुडकीवर, कधी भरधाव दाखवतो. घोडे तेच, चाल वेगळी. मोड म्हणजे चाल.

तर मी निघालो. पुतण्याने माझ्या वयाकडे पाहून गाडी इकोवर ठेवली होती. बालाघाटचे चढउतार सुरू झाले. एका उतारावर मी अॅक्सिलरेटरवरून पाय उचलला आणि माझ्या पोटात गोळा आला. गाडी रोखली जाण्याऐवजी मोकळी धावू लागली. इकोमध्ये पाय उचलला की इंधन वाचावे म्हणून ही गाडी इंजिन चाकांपासून सोडवते, हे मला नंतर कळले. सपाटीला ते शहाणपण, उतारावर मला ते भय. त्यात पुढे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, आणि समोरून बस.

त्या क्षणी विचार केला असे म्हणणार नाही. कानात वडिलांचे वाक्य वाजले : "ज्या गिअरनं चढायचं, त्याच गिअरनं उतरायचं." सगळ्या जुन्या ड्रायव्हरांचे ते वाक्य. सारखा ब्रेक दाबत उतरलात तर ब्रेक तापतात आणि ऐन वेळी धरत नाहीत. इंजिनालाच ओढून धरू द्यावे. मी डावे पॅडल दोनदा ओढले. इंजिनाचा सूर चढला, टोलासुद्धा त्याने आपला आपणच दिला, आणि कासरा ताणल्यावर बैल जसे मागे रेलतात तशी गाडी रेलली. ब्रेकला नुसता पाय टेकवावा लागला. ट्रॅक्टरच्या मागे सावकाश लागलो.

"काका, हे कुठं शिकलात?" पुतण्याने विचारले.

"आजोबांकडनं," मी म्हणालो. "ते एसटीचे ड्रायव्हर होते."

पुतण्याला ते माहीत होतेच. पण इतक्या वर्षांत ते वाक्य मी असे मोकळेपणाने पहिल्यांदाच उच्चारत होतो.

अहमदपूरला मी गाडी थांबवून किल्ली परत दिली. तो म्हणाला, "चालवा की लातूरपर्यंत." मी नको म्हटले. यंत्राने माझ्या गुडघ्याची अडचण दूर केली, पण समोरून येणारी बस मला पूर्वीपेक्षा अर्धा क्षण उशिरा दिसली होती, हे मला ठाऊक होते. पायाला पर्याय निघाला, डोळ्याला अजून नाही. कोणत्या उतारावर कासरा दुसऱ्याच्या हाती द्यायचा, हेही गाडीवानाला कळले पाहिजे.

यंत्राने माणसाचे कसब बुडवले, असे माझ्या वयाचे लोक म्हणतात. मीही म्हणत असे. आता तसे म्हणवत नाही. त्या कसबाची किंमत कोणाच्या गुडघ्याने मोजली, ते मी पाहिले आहे. १ जून २०२२ला पुणे-अहमदनगर याच जुन्या वाटेवर एसटीची विजेवरची 'शिवाई' धावली. तिच्या ड्रायव्हरला क्लच दाबावा लागत नाही. विजेच्या काही मोटारींत पॅडल आहेत, पण ती गिअर बदलत नाहीत, मोटार किती ओढून धरायची ते ठरवतात. गिअर संपले तरी उतार आहेच, आणि उतारावर कासरा लागतोच.

आईच्या हातचा तो तेलाचा वास मात्र कोणत्याही मोडमध्ये परत येत नाही. घरी आल्यावर वडिलांचा पितळी बिल्ला ट्रंकेतून काढून चिंचेने घासला. आता तो बैठकीत आहे. कोणी विचारले की सांगतो.