‘ब्लू’ आणि गीतातील पुरुषभेद

जोनी मिचेल या कॅनेडियन गीतकार-गायिकेची ‘ब्लू’ ही चौथी ध्वनिमुद्रिका जून १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीतील दहा गीते म्हणजे निखळ आत्मनिवेदन होय, असे मत तेव्हापासून रूढ आहे. ते सर्वस्वी चुकीचे नाही. मात्र गीतांतील सर्वनामे पाहिली म्हणजे ते अपुरे ठरते.

लोकगीतातील ‘मी’ परंपरेने कोणाचाही असू शकतो. खलाशी, विरहिणी, फाशी जाणारा गुन्हेगार यांपैकी कोणाचीही भूमिका गायक घेतो आणि गीत संपताच टाकून देतो. कॉफीगृहांतून मिचेल गाऊ लागल्या त्या याच परंपरेत. ‘ब्लू’मधील ‘मी’ला मात्र प्रवास, प्रेमभंग, घराची ओढ असे विशिष्ट चरित्र आहे, त्यामुळे श्रोत्याने गायिकेशी त्याची एकरूपता मानली. तथापि संग्रहातील सर्वांत खाजगी गीत ‘लिटल ग्रीन’ यात प्रथमपुरुष मुळीच नाही. १९६५ मध्ये मिचेल यांना कन्या झाली व ती दत्तक दिली गेली. त्या प्रसंगाच्या या गीतात माता आहे ती ‘तू’ या रूपाने. ‘रोलिंग स्टोन’च्या तत्कालीन समीक्षकाला ते दुर्बोध वाटले, यात नवल नाही. मायलेकींची पुनर्भेट १९९७ मध्ये झाली. त्या सुमारास गीताचा अर्थ सर्वश्रुत झाला. शब्द होते तेच राहिले. ज्याला कबुली म्हणावे तेथेच कवयित्रीने सर्वनाम बदलले, हे ध्यानात घेतले पाहिजे.

पुढील गीतकारांनी या मुद्रिकेतून बहुधा रोजनिशीच तेवढी उचलली. खरा वारसा रचनेत आहे. बालपणीच्या पोलिओमुळे डावा हात दुर्बल झाल्याने मिचेल गिटारच्या तारा रूढ पद्धतीहून निराळ्या स्वरांत लावीत. त्यांतून निघणाऱ्या अनिश्चित स्वरसंगतीवर बोलभाषेतील आघात जसेच्या तसे राहतात. वाक्य मात्रांच्या चौकटीबाहेर गेले तरी चाल त्याला सामावून घेते. ‘रिव्हर’ हे विरहगीत ‘जिंगल बेल्स’च्या सुरांना पियानोवर खिन्न रूप देऊन सुरू होते, आज ते नाताळातही गायिले जाते.

‘अ केस ऑफ यू’ प्रिन्सने स्वतःच्या ढंगात ध्वनिमुद्रित केले. २०१५ मधील मेंदूच्या गंभीर विकारानंतर, २०२२ च्या न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात स्वतः मिचेल यांनी ते ब्रँडी कार्लाइल यांच्यासह गायिले. त्यांचा आवाज तोवर पुष्कळ खाली उतरला होता, आणि गीतातील ‘मी’ आता एकाहून अधिक कंठांतून उमटत होता.