अंतर्गळ अर्थात हर्निया

दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांच्यावर ७ जून २०२३ रोजी रोममधील जेमेल्ली रुग्णालयात झालेली शस्त्रक्रिया हर्नियाची होती. जुन्या शस्त्रक्रियेच्या व्रणातून तो उद्भवला होता. पोटाच्या भिंतीतील दुर्बल जागेतून आतडे वा चरबी बाहेर डोकावणे म्हणजे अंतर्गळ. जांघेतील प्रकार सर्वाधिक आढळतो, विशेषतः पुरुषांत. तान्ह्या बाळाची फुगलेली बेंबी मात्र बहुधा आपोआप बसते. जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, जड ओझी ह्यांमुळे ताण वाढतो. संकोचापोटी कित्येक बंधू कमरेला पट्टा बांधून वर्षे काढतात, ह्याची आम्हांस चिंता वाटते. पट्ट्याने छिद्र बुजत नाही. गाठ आत जाईनाशी होऊन दुखू लागली, उलट्या सुरू झाल्या, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका असतो. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठावे.