परसातल्या पाच कोंबड्या

राळेगणसिद्धी पाहून परतणाऱ्या माणसाच्या तोंडी बहुधा पाण्याची गोष्ट असते. 1999 च्या उन्हाळ्यात आम्ही आमच्या धर्मग्रामातील तीस-पस्तीस माणसे घेऊन तेथे गेलो, तेव्हा आमच्याही तोंडी तीच होती. यादवबाबांचे मंदिर पाहिले, नालाबांध पाहिले, भर वैशाखात पाणी धरून असलेल्या विहिरींत डोकावलो. परतीच्या वाटेवर मंडळी आपापल्या गावच्या ओढ्यांची मापे काढीत होती. तेवढ्यात आमच्या शेजारी बसलेल्या एका आजींनी विचारले, "फादर, शेळी बांधली, गाय बांधली, ते बरंच झालं. पण ज्याच्याकडं टाकायला वैरणच न्हाई, त्यानं काय करायचं?" आम्ही काही उत्तर जुळवू लागलो, तोच त्याच म्हणाल्या, "त्यानं कोंबडी पाळायची. तिला कोन चराईबंदी करनार?"

मंडळी हसली. आम्हीही हसलो. परंतु त्या प्रश्नाने आमचा पिच्छा पुरविला, आणि कोंबडीचा इतिहास धुंडाळण्याची खोड आम्हांला लागली ती त्या दिवसापासून.

प्रश्न समजण्यासाठी पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी लागेल. लष्करातून निवृत्त होऊन किसन बाबूराव उपाख्य अण्णा हजारे 1975 साली राळेगणला परतले. पारनेर तालुका हा पर्जन्यछायेतला. वर्षाकाठी चारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस, तोही भरवशाचा नव्हे. नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री गावाने स्वीकारली आणि उजाड टेकड्या हिरव्या झाल्या. पुढे 1989 मध्ये येशूसंघीय स्विस धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने या जिल्ह्यात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा त्यातही चराईबंदी, कुऱ्हाडबंदी व श्रमदान या अटी होत्याच. अटी रास्त होत्या. मोकाट शेळी रोपटे वाढू देत नाही, हे खरेच. तथापि, ज्याच्यापाशी बांध नाही, वैरण नाही, त्या भूमिहीनाची शेळी पहिल्याच वर्षी बाजारात जाते, हेही तितकेच खरे. आजींनी बोट ठेवले होते ते तेथे.

कोंबडी ही मुळात खळ्याकाठची पाहुणी. तिचा पूर्वज तांबडा रानकोंबडा. माणसाने त्याला पकडून आणले असे आपण समजतो. वस्तुतः तोच माणसाकडे आला असावा. थायलंडमधील बान नॉन वाट या स्थळी सापडलेली निश्चित पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी हाडे इसवी सनापूर्वी 1650 ते 1250 या काळातली आहेत, असे 2022 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात म्हटले आहे. भात आणि भरडधान्य पिकू लागले, सांडलेल्या दाण्यांना भुलून रानपक्षी वस्तीशी आले आणि राहिले, असा त्या संशोधकांचा तर्क आहे. आपल्या मुलखाचा वाटाही यात लहान नाही. आपल्या सह्याद्रीत आढळणारा करड्या रंगाचा रानकोंबडा हा तांबड्याचा चुलतभाऊ. पाळीव कोंबडीची पिवळी कातडी आणि पिवळे पाय हे या करड्या रानकोंबड्याच्या कुळाकडून आलेले देणे होय, हे 2008 साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले. जगभरच्या खुराड्यांतून मिरवणारे ते पिवळे पाय आमच्या डोंगरांची खूण सांगतात, याचा आम्हांला उगीचच अभिमान वाटतो.

मात्र गावात शिरल्यावर कोंबडीने जातीची रेघ ओलांडली नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात ग्रामकुक्कुट द्विजांना वर्ज्य ठरविला आहे. माळकरी घराच्या अंगणातही कोंबडी सहसा दिसत नाही. परिणामी ती राहिली कुणब्याच्या परड्यात, मुसलमानाच्या दाराशी आणि विशेषेकरून गावकुसाबाहेरच्या वस्तीत. या जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजाचे पूर्वज बहुतांशी त्याच वस्तीतले. ज्यांना जमीन मिळाली नाही, त्यांना ही एक जंगम मालमत्ता मिळाली, जिला सातबारा लागत नाही आणि जी आपले पोट उकिरड्यावर आपणच भरते.

आणि ही मालमत्ता बाईची. बैल नवऱ्याचा, शेत सासऱ्याचे, पण कोंबडी तिची. अंडी दुकानात देऊन मीठ-मिरची आणावी, पोराची पाटी-पेन्सिल आणावी, दुखण्याखुपण्याला एक तलंग विकावी, हा व्यवहार घरच्या कारभाऱ्याला न विचारता चालत आला. हाताशी काहीच नसलेल्या विधवेला शेजारीण एक कोंबडी अर्ध्या वाट्याने सांभाळायला देई. पिल्ले निघाली की निम्मी तुझी, निम्मी माझी. राळेगणच्या धान्य बँकेचे आपण कौतुक करतो, ते योग्यच आहे. गरिबांच्या या कोंबडी-पेढीला मात्र कोणी पाटी लावली नाही.

सुधारकांची नजर तिच्याकडे वळली ती विसाव्या शतकात. उत्तर प्रदेशातील एटा येथे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे रेव्हरंड ए. ई. स्लेटर यांनी शतकाच्या दुसऱ्या दशकात कुक्कुटशाळा काढली. तेथील नवख्रिस्ती हे भूमिहीनांतले भूमिहीन. त्यांच्यापाशी वाढवण्याजोगे काही असेल तर ते कोंबडीच, हे त्यांनी ओळखले. त्रावणकोरातील मार्तंडम येथे यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनचे स्पेन्सर हॅच यांनी 1920 च्या दशकात जातिवंत कोंबडे आणून गावठी कोंबड्यांशी संकर केला आणि अंड्यांची सहकारी विक्री सुरू केली. प्रॉटेस्टंट बंधूंची ही कामगिरी आम्ही कॅथलिकांनी मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे. अंडी एकत्र करून विकण्याचा हॅच यांचा विचार विशेष मोलाचा, कारण एका घरच्या चार अंड्यांना बाजारात कोणी विचारीत नाही.

या प्रयत्नांतून व्हाइट लेगहॉर्न खेडोपाडी पोहोचली. इटलीकडची ही पांढरीशुभ्र जात. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, ही तिच्या कितीतरी पट. पण ती खुडूक होत नाही. अंड्यांवर बसण्याची वृत्तीच तिच्यातून निवडीने काढून टाकलेली. म्हणजे पुढची पिल्ले पुन्हा कोठून तरी आणणे आले. शिवाय पांढरा रंग घारीला दुरून दिसतो. गावरान कोंबडी मातीच्या रंगात मिसळून जाते, घारीची सावली पडताच पिल्लांना पंखांखाली ओढते. (प्रभू येशूने यरुशलेमेविषयीची आपली व्यथा सांगताना हीच उपमा योजली, त्यालाही अंगणातली कोंबडी ठाऊक असली पाहिजे.) स्वातंत्र्यानंतर पंचवार्षिक योजनांतून सुधारित पक्षी वाटले गेले, 1960 च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने चाललेल्या व्यावहारिक पोषण आहार कार्यक्रमातही माता-बालकांसाठी कोंबड्या आल्या. आणि 1971 मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज स्थापन केली; पुण्यातून या उद्योगाचा देशभर विस्तार झाला. 1982 साली त्यांच्याच पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. अंडे स्वस्त झाले, हा उपकारच. परंतु कोंबडी अंगणातून पिंजऱ्यात गेली आणि बाईच्या हातून कारखानदाराच्या हाती.

हे सारे वाचून आम्हीही सुधारकाच्या थाटात कामाला लागलो. 2001 साली एका संस्थेकडून पन्नास सुधारित पक्षी मिळवले आणि दहा घरांना पाच-पाच वाटले. आशीर्वाद दिला, छायाचित्र काढले. तीन महिन्यांच्या आत मानमोडीची साथ आली. माना वाकड्या होऊन, हिरवी हगवण लागून पक्षी पटापट मेले. दहा दिवसांत पन्नासांतले चार उरले. त्याहून वाईट म्हणजे वस्तीतील जुन्या गावरान कोंबड्याही गेल्या. ज्या आजींनी आम्हांला प्रश्न विचारला होता, त्यांच्याही सात गेल्या. त्या काही बोलल्या नाहीत. रविवारी मिस्सेनंतर नेहमी आमच्यासाठी पदराआडून येणारी दोन अंडी तेवढी आली नाहीत.

मानमोडीला शास्त्रात राणीखेत म्हणतात. 1926 मध्ये हा रोग जावा बेटावर व इंग्लंडातील न्यूकॅसल येथे आढळला आणि 1928 मध्ये कुमाऊँतील राणीखेत येथे. म्हणून जगात तो न्यूकॅसल, आपल्याकडे राणीखेत. लस फार पूर्वीपासून आहे, स्वस्त आहे. मग पन्नास पक्ष्यांना ती का टोचली नाही? येथे आमची चूक होती, आणि ती आमच्या एकट्याची नव्हती. लशीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची येते, बर्फात आणावी लागते आणि पाणी मिसळल्यावर दोन-एक तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांच्या मालकिणीने ती आणावी कशी? आणि तिने आणलीच, तरी शेजारच्या परड्यातून रोग येणार तो येणारच. आम्ही कोंबडी दिली घराघराला. साथ येते ती गावाला. स्लेटर, हॅच यांच्यापासून सरकारी योजनांपर्यंतचा हा इतिहास पुन्हा चाळताना आम्हांला जाणवले, की पक्षी कोणता द्यावा याची चर्चा उदंड झाली. पाच कोंबड्या पाळणे हे एका घराचे काम नसून चराईबंदीसारखेच साऱ्या वस्तीने मिळून करावयाचे काम आहे, हे त्या मानाने फार थोड्यांनी मनावर घेतले. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने गावोगावच्या बायकांनाच लस टोचण्याचे शिक्षण दिले. ऑस्ट्रेलियातील पीटर स्प्रॅडब्रो यांनी उष्णता सोसणारी, डोळ्यात थेंब टाकून देता येणारी लस विकसित केली आणि तिचा लाभ आफ्रिकेतील खेड्यांना झाला.

त्यानंतर काही वर्षे आम्ही या वाटेला गेलो नाही. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला. रोग निघाला मोठ्या कुक्कुटशाळांत. परंतु सभोवतालच्या गावांत घरोघर फिरून परसातल्या कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. आमच्याकडे रोग आला नाही, भीती मात्र आली, आणि लोकांनी कोंबड्या मिळेल त्या भावाला काढल्या. परसातली कोंबडी आता संपली, असे आम्हांस वाटले. ते चुकीचे ठरले. 2019 च्या पशुगणनेत देशातील परसातल्या पक्ष्यांची संख्या सुमारे 31 कोटी 70 लाख भरली. 2012 च्या तुलनेत सुमारे 46 टक्के अधिक.

आमच्या वस्तीवर दुसरा आरंभ झाला 2007 साली, आणि तो आम्ही केला नाही. आजींनी आपल्या माहेरून तीन गावरान कोंबड्या व एक कोंबडा आणला. एक कोंबडी खुडूक होताच तिच्याखाली अकरा अंडी ठेवली, सातव्या रात्री दिव्यासमोर धरून दोन वांझ काढून टाकली, एकविसाव्या दिवशी आठ पिल्ले निघाली. पहिला महिनाभर ती डालग्याखाली. बाजरीची कणी, वारुळातली वाळवी, उथळ खापरीत पाणी. रात्रीसाठी जमिनीपासून दोन हात उंच, फळ्यांचे हवेशीर खुराडे, कारण वस्तीत मुंगूस फार. मोठ्या झालेल्या तलंगा त्यांनी दोन शेजारणींना अर्ध्या वाट्याने दिल्या. मग त्या आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "फादर, या बारीला कोंबड्या नकोत. ती बाटली तेवढी आना."

आम्ही तालुक्याहून लासोटाची कुपी थर्मासमध्ये बर्फ घालून आणली. पहाटे, खुराडी उघडण्यापूर्वी कामाला लागलो. आजींच्या नातसुनेने थेंब टाकायचा, आम्ही पक्षी धरायचा. सारी वस्ती धुंडाळून चौसष्ट भरले, कुपी शंभराची. आजींनी क्षणभर विचार केला आणि नातवाला ओढ्यापलीकडच्या वस्तीवर पिटाळले. त्या वस्तीशी दोन वर्षे पायवाटेवरून भांडण होते, बोलचाल बंद होती. मिस्सेलाही ती मंडळी वेगळ्या बाकावर बसत. "त्यांच्या कोंबड्या ओढा वलांडून येत्यात," आजी म्हणाल्या, "भांडान वलांडत न्हाईत त्या."

अर्ध्या तासात तिकडची माणसे आली. बगलेत कोंबड्या, पोरांच्या हातात पिल्लांच्या पाट्या. कोणी फारसे बोलले नाही. ऊन चढण्यापूर्वी एकोणतीस पक्षी झाले. तीन कोंबड्या हातून निसटून बाभळीवर जाऊन बसल्या आणि आम्ही खाली थर्मास धरून उभे होतो.