ट्रॅक्शन कंट्रोलवाली रेसकार पकडणं इतकं अवघड का?

पिंपरीत बनणारी टाटा हॅरियर असो की चाकणची फोक्सवॅगन व्हर्टस, तुमच्या कारमध्ये ट्रॅक्शन कंट्रोल हे सुरक्षेचं फीचर असतं. अमेरिकेतल्या मातीच्या ट्रॅकवर मात्र हीच चीटिंग. तिथल्या स्प्रिंट कार आणि लेट मॉडेल रेसमध्ये ‘त्याच्या गाडीत नक्की काहीतरी आहे’ ही कुजबुज जुनीच आहे.

कारण सरळ आहे. मातीवर मागची चाकं सतत घसरतात आणि अ‍ॅक्सिलरेटर किती दाबायचा हे पायाला कळणं, हेच इथलं खरं कौशल्य. ते काम सर्किटने केलं तर रेस कसली?

तुमच्या कारमध्ये एबीएसचे सेन्सर प्रत्येक चाकाचा वेग मोजतात. एखादं चाक जास्त जोरात फिरलं की कॉम्प्युटर इंजिनाची ताकद कमी करतो किंवा त्या चाकाला ब्रेक लावतो. रेसकारमधल्या छुप्या सिस्टीमला चाकाला सेन्सर लावावाच लागतो असं नाही. ती फक्त इंजिनाच्या आरपीएमवर नजर ठेवू शकते. चाकाला पकड असेल तर आरपीएम एका मर्यादेतच वाढतात. एकदम उसळले, म्हणजे चाक घसरलं. मग ती एखाद-दुसरा स्पार्क गाळते किंवा उशिरा देते. यासाठी लागणारं सर्किट इग्निशनच्या वायरिंगमध्ये लपेल इतकं लहान असतं.

संशय बहुतेक वेळा कानावरून येतो. वळणातून निघताना इंजिन अडखळल्यासारखं वाजतं. पण रेव्ह लिमिटरही स्पार्क तोडूनच काम करतो, आणि इग्निशन बिघडलं तरी इंजिन अडखळतंच. त्यामुळे नुसत्या आवाजावरून कुणाला चोर ठरवणं अन्यायाचंच.

फॉर्म्युला वनमध्येही हेच झालं. 1994 मध्ये ट्रॅक्शन कंट्रोलवर बंदी आली. त्या वर्षी जपानमधल्या आयडाच्या रेसमध्ये पहिल्याच वळणावर बाहेर पडलेला आयर्टन सेना ट्रॅकच्या कडेला उभा राहून शूमाकरच्या बेनेटनचा आवाज ऐकत होता. त्याचा संशय पक्का झाला. पुढे तपासात बेनेटनच्या सॉफ्टवेअरमध्ये लाँच कंट्रोलचा लपवलेला पर्याय सापडलाही, पण तो रेसमध्ये वापरला हे सिद्ध झालं नाही. दंड झाला तो सोर्स कोड वेळेत न दिल्याबद्दल, 1 लाख डॉलर. अखेर 2008 मध्ये सगळ्या टीमना एकच ठरलेला ईसीयू सक्तीचा करून हा वाद मिटवण्यात आला.

आणि हो, पावसाळ्यात तुमची कार चिखलात रुतली, तर ट्रॅक्शन कंट्रोल बंद करून बघा. ते ताकद कापत राहिलं तर चाकं फिरतच नाहीत आणि गाडी जागची हलत नाही.