गुरूविना शिकलेला तैलरंग : राजा रविवर्मा, त्यांचा विचार आणि मावळातला छापखाना

गावाकडच्या जुन्या वाड्यात, ओसरीवर किंवा देव्हाऱ्याच्या वरच्या भिंतीवर एक काळपट चौकट हमखास दिसते. कमळावर उभी लक्ष्मी, नाही तर वीणा घेतलेली सरस्वती. काचेवर धूळ, कडेला वाळवीची खूण. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं तर ‘आजोबांच्या आधीपासून आहे’ एवढंच सांगतात. चित्राच्या खालच्या पट्टीवर बारीक इंग्रजी अक्षरात कार्ला-लोणावळा असं छापलेलं असेल, तर ते चित्र आपल्याच मावळ तालुक्यातल्या मळवलीच्या छापखान्यातून निघालेलं आहे. मूळ चित्र काढणारा माणूस मात्र केरळातला. तैलरंगाचं कुठलंही रीतसर शिक्षण त्याला मिळालेलं नव्हतं.

बालपण आणि दरबार

रविवर्मांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातल्या किळिमानूर इथे झाला. ते कुठल्या संस्थानाचे राजे नव्हते, पण त्यांच्या घराण्याचे त्रावणकोरच्या राजघराण्याशी नातेसंबंध होते. लहानपणी भिंतींवर कोळशाने जनावरं आणि माणसं काढायची सवय होती. दुसऱ्या कुणी असतं तर कानाखाली बसली असती, पण मामा राजराज वर्मा स्वतः चित्रं काढत. त्यांनी पोराचा हात ओळखला. १८६२ मध्ये, म्हणजे चौदाव्या वर्षी, ते त्याला तिरुवनंतपुरमला घेऊन गेले. तिथले महाराज आयिल्यम तिरुनाळ यांनी मुलाला राहायची आणि दरबारातली चित्रं पाहायची मुभा दिली.

मामांनी शिकवलं ते पाण्यातले रंग आणि देशी पद्धत. तैलरंग तेव्हा दक्षिणेत नवलाईचा होता आणि तो येणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी.

शिकवायला कुणी तयार नाही

दरबारात रामस्वामी नायडू नावाचे चित्रकार होते. त्यांना तैलरंग येत होता. पण ही विद्या म्हणजे त्यांची भाकरी. उद्याचा प्रतिस्पर्धी आज कशाला तयार करायचा, म्हणून त्यांनी शिकवायला नकार दिला. त्यांच्या हाताखालच्या आरुमुगम पिल्लै यांनी लपूनछपून थोडंफार सांगितलं, असं चरित्रकार नोंदवतात.

१८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हे युरोपीय चित्रकार राजघराण्याची व्यक्तिचित्रं काढायला आले. तेही शिकवायला राजी नव्हते. महाराजांच्या शब्दाखातर त्यांनी फक्त काम करताना बघायची परवानगी दिली. रविवर्मांच्या वाट्याला तैलरंगाचं शिक्षण आलं ते एवढंच. बाकीचं सगळं चुकत, पुसत आणि पुन्हा काढत शिकलेलं.

हे किती अवघड होतं ते समजायला तैलरंगाची रीत जाणून घ्यावी लागते. रंगाची पूड जवसाच्या तेलात घोटलेली असते. पाण्याचा रंग मिनिटांत वाळतो, तेलाचा वाळायला दिवस लागतात. त्यामुळे गालावरचा उजेड हळूहळू सावलीत मिसळवता येतो आणि कातडी कातडीसारखी, रेशीम रेशमासारखं दिसतं. पण थर चढवायचा क्रम चुकला की घात होतो. खाली पातळ थर आणि वर जास्त तेलाचा, हा नियम. उलट झालं तर वरचा थर आधी वाळतो आणि काही काळाने चित्राला भेगा पडतात. अशा गोष्टी नुसत्या बघून लक्षात येत नाहीत. त्या हाताला कळाव्या लागतात, आणि तोवर कॅनव्हास वाया जातात.

मानसन्मानाची वाट

१८७३ साली मद्रासच्या प्रदर्शनात केसांत गजरा माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला सुवर्णपदक मिळालं. त्याच वर्षी व्हिएन्नाच्या प्रदर्शनातही ते गौरवलं गेलं. पुढे ‘शकुंतला पत्रलेखन’ हे चित्र मद्रासच्या गव्हर्नरांनी विकत घेतलं आणि संस्कृतचे अभ्यासक मोनियर विल्यम्स यांच्या शाकुंतलाच्या इंग्रजी भाषांतरात ते छापलं गेलं.

त्रावणकोरचे माजी दिवाण सर टी. माधवराव पुढे बडोद्याचे दिवाण झाले. त्यांच्यामुळे रविवर्मा १८८१ मध्ये बडोद्याला आले. सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या हाती राज्याधिकार आले तो हा काळ. १८८८ मध्ये सयाजीरावांनी पुराणातल्या प्रसंगांवर १४ मोठी चित्रं करायला सांगितली. ती १८९० पर्यंत पुरी झाली. बडोद्यात आणि मुंबईत ती लोकांसाठी मांडली, तेव्हा बघायला गर्दी लोटली. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात त्यांची १० चित्रं गेली आणि तिथेही गौरव झाला. १९०४ मध्ये ब्रिटिश सरकारने कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिलं.

या सगळ्या वाटचालीत धाकटे भाऊ सी. राजराज वर्मा सावलीसारखे बरोबर होते. ते स्वतः निसर्गचित्रकार. मोठ्या भावाच्या चित्रांतली झाडं, डोंगर, आकाश अशी पार्श्वभूमी कित्येकदा त्यांच्या हातची असे. त्यांनी इंग्रजीत लिहिलेल्या रोजनिशीमुळे दोघांचा प्रवास, गिऱ्हाइकं, पैशाची ओढाताण, मुंबईत पाहिलेली नाटकं असं बरंच काही आज कळतं.

त्यांचा विचार : देव माणसासारखा दिसला पाहिजे

रविवर्मांनी कलेवर मोठा ग्रंथ लिहिला नाही. त्यांचा विचार कामातूनच वाचावा लागतो. त्यातली तीन सूत्रं स्पष्ट दिसतात.

पहिलं, समोर दिसतं ते खरं धरायचं. दोघे भाऊ माणसं समोर बसवून आणि छायाचित्रं जवळ ठेवून काम करत. देवीच्या चेहऱ्यासाठीसुद्धा हाडामांसाची बाई बघायची, दागिन्याचा भार मानेवर कसा पडतो ते बघायचं. तंजावर शैलीतल्या देवांना सोन्याचा वर्ख असे, पण वजन नसे. रविवर्मांची लक्ष्मी पाण्यातल्या कमळावर उभी असली तरी तिच्या साडीला चुण्या पडतात.

दुसरं, गोष्टीतला एकच क्षण पकडायचा. शकुंतला पायातला काटा काढायच्या निमित्ताने मागे वळते. दमयंती हंसाचं बोलणं ऐकत थबकते. जटायूचा पंख रावण कापतो, सीता तोंड फिरवते. पुढे काय झालं ते बघणाऱ्याला आधीच ठाऊक असतं, म्हणून थांबलेला क्षण जास्त लागतो. कथकली आणि नाटकाच्या रंगमंचाचा हा संस्कार मानला जातो.

तिसरं, सगळ्या देशाला आपलं वाटेल असं रूप शोधायचं. बडोद्याच्या कामाआधी दोघे भाऊ पौराणिक पात्रांचा पेहराव ठरवण्यासाठी उत्तर हिंदुस्थानात फिरले. प्रांताप्रांतातला पोशाख वेगळा. अखेर त्यांनी नायिकांसाठी साडी पक्की केली. म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमधल्या वादक स्त्रियांच्या चित्रात ११ जणी वेगवेगळ्या प्रांतांच्या वेशात एकत्र बसलेल्या दिसतात, त्यातही हीच दृष्टी आहे.

मुंबई ते मळवली

मूळ तैलचित्र म्हणजे राजवाड्याची वस्तू. गावातल्या माणसाला ते बघायलाही मिळणार नाही. चित्रांच्या रंगीत छापील प्रती काढा, असं माधवरावांनी सुचवलं होतं. १८९४ मध्ये मुंबईत छापखाना सुरू झाला. यंत्रं जर्मनीहून आणली, कारागीरही तिकडचे. शकुंतलेच्या जन्माचं चित्र आधी छापलं गेलं.

या प्रतींना ओलिओग्राफ म्हणत. प्रत्येक रंगासाठी वेगळा सपाट दगड. एकाच कागदावर एकामागून एक रंग उमटवायचे. एक दगड केसभर सरकला तरी चेहरा बिघडला. शेवटी वर रोगण लावून कागदाला कॅनव्हाससारखा पोत दिला जाई.

मुंबईत प्लेगने थैमान घातलं होतं, धंद्यात कर्जही वाढत चाललं होतं. १८९९ मध्ये छापखाना मळवलीला हलवला. कार्ला आणि भाजे लेण्यांच्या पायथ्याचं हे रेल्वे स्टेशन. तरीही हिशेब जुळेना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. श्लायशर यांनी धंदा नेटाने चालवला आणि चित्रं खेडोपाडी पोचली. दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटात येण्याआधी काही काळ या छापखान्याशी संबंधित काम केलं. १९७२ मध्ये आगीत छापखान्याचं मोठं नुकसान झालं.

ज्याने लाखो घरांना देव दिले, त्याला त्या धंद्यात पैसा मिळाला नाही. पण ज्या देवळांत काही जातींना पाऊल टाकायची बंदी होती, त्या देवळांतला देव काही आण्यांच्या कागदावर कुणाच्याही झोपडीत येऊन बसला. ही गोष्ट छोटी नाही.

टीका आणि शेवट

टीकाही कमी झाली नाही. कलकत्त्याचे ई. बी. हॅवेल, आनंद कुमारस्वामी आणि बंगाली शैलीच्या समर्थकांचं म्हणणं असं, की ही युरोपची नक्कल आहे, देवांना नाटकातल्या पात्रांची कळा आली आहे. या आक्षेपात तथ्य नाही असं नाही. काही चित्रांत हावभाव रंगमंचावरचेच वाटतात, आणि बहुतेक नायिका गोऱ्या, उच्चकुलीन दिसतात. पण उसनं घेतलेलं तंत्र त्यांनी इथल्या कथांना आणि इथल्या चेहऱ्यांना लावलं, हेही तितकंच खरं.

जानेवारी १९०५ मध्ये भाऊ गेला. २ ऑक्टोबर १९०६ रोजी किळिमानूरलाच रविवर्मांचं निधन झालं. मराठी वाचकांना त्यांचं आयुष्य कळलं ते चंदगड तालुक्यातल्या कोवाडच्या रणजित देसाई यांच्या ‘राजा रविवर्मा’ या कादंबरीतून. तिच्यावरून केतन मेहता यांनी ‘रंगरसिया’ चित्रपट केला. १९७९ मध्ये सरकारने रविवर्मांची चित्रं राष्ट्रीय कलाठेवा म्हणून जाहीर केली. ती देशाबाहेर नेता येत नाहीत.

घरात जुनं चित्र असेल तर

मूळ चित्रं बडोद्याच्या फत्तेसिंह संग्रहालयात, म्हैसूरला आणि तिरुवनंतपुरमला बघता येतात. आपल्या घरात असते ती बहुतेक वेळा छापील प्रत. भिंगातून बघितलं की रंगाचे बारीक ठिपके दिसतात, कुंचल्याचा फटकारा दिसत नाही. काहींवर घरच्या बायकांनी जर आणि टिकल्या शिवलेल्या असतात. त्या काढू नयेत, तोही त्या चित्राचा इतिहास आहे.

चित्र ओल्या फडक्याने पुसू नये, तेल लावू नये, थेट उन्हात किंवा ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नये. चौकट बदलताना खालची छापलेली पट्टी कापली जाणार नाही एवढं बघावं. चित्र कुठल्या छापखान्यातलं, हे सांगणारी खूण तीच. भंगारवाल्याला देण्याआधी ती एकदा नीट वाचून घ्यावी.