तबकडीवर न छापलेली नावं

साठच्या दशकाच्या अखेरीच्या रॉक संगीताचा इतिहास सांगताना लंडन, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को ही शहरं हमखास येतात. मुंबईच्या फोर्टमधला फिरोजशहा मेहता रोड त्यात सहसा येत नाही. जानेवारी 1968 मध्ये बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन तिथल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचं संगीत ध्वनिमुद्रित करायला आला होता.

स्टुडिओ बेताचाच. रस्त्यावरच्या टॅक्सींचा आवाज आत यायचा. दोन ट्रॅकचं यंत्र कोलकात्याहून आणावं लागलं. वादक मात्र अव्वल होते. सरोदवर आशिष खान, म्हणजे उस्ताद अली अकबर खान यांचे चिरंजीव आणि बाबा अलाउद्दीन खान यांचे नातू. तबला-पखवाजावर महापुरुष मिश्र, संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर केंकरे, शहनाईवर शरद आणि हनुमान जाधव, हार्मोनियमवर रिजराम देसाद. इथं कुणी कुणाचा धर्म वा प्रांत विचारला नाही. सूर जुळले, एवढं पुरे होतं.

नोव्हेंबर 1968 मध्ये ‘वंडरवॉल म्युझिक’ ही एलपी आली. कुणाही बीटलची ही पहिली स्वतंत्र एलपी. तिच्या वेष्टनावर मुंबईच्या वादकांची नावं छापलेली होती.

त्याच दिवसांत, त्याच स्टुडिओत ‘द इनर लाइट’ या गाण्याचं वाद्यसंगीतही झालं. आवाज फेब्रुवारीत लंडनला भरला गेला आणि मार्चमध्ये ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला ते गाणं निघालं. त्यात वाद्य वाजवणारा एकही बीटल नव्हता. सगळे वादक आपलेच. पण त्या छोट्या तबकडीच्या लेबलवर बँडचं नाव आलं, गीतकाराचं आलं. वादकांपैकी कुणाचंच आलं नाही.

हे केवळ परदेशी कंपन्यांचं वागणं म्हणून सोडून देता येणार नाही. आपल्या फुलंब्रीत लग्नाची वरात निघते, सनईवाला पुढे असतो. सनई सगळे ऐकतात, वाजवणाऱ्याचं नाव किती जण विचारतात? हिंदी सिनेमाच्या जुन्या तबकड्यांवरही गायक आणि संगीतकार असत. वाद्यवृंदातले वादक क्वचितच.

आशिष खान नोव्हेंबर 2024 मध्ये अमेरिकेत वारले. त्या तबकड्या आता संग्राहकांच्या कपाटात जपल्या जातात. त्यांच्यासोबत ही नावंही जपली जायला हवीत. इतिहास लिहिणाऱ्यांनी निदान एवढी कदर करावी.